बॅगांबरोबर कोण जाणार?

डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने जायचं ठरलं, तेव्हा मुलुंड पूर्वेच्या रविवारच्या सायकलवाल्यांनी कामं वाटून घेतली. विमानाचं शरच्चंद्रांनी बघायचं, मुक्कामाचं धवलने. आणि शरच्चंद्रांच्या बायकोने, इरावतीने काय करायचं? तर रोज सगळ्यांच्या बॅगा घेऊन गाडीने पुढच्या मुक्कामी जाऊन बसायचं. ग्रुपचा म्होरक्या धवल हे इतकं गोड बोलला की क्षणभर तिला तो मानच वाटला.

"काकू, सामानाबरोबर भरवशाचं माणूस लागतं ना!"

मान कसला, हकालपट्टी होती ती. घरी येऊन इरावतीने भांडी अशी आपटली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर, साठीला टेकल्यावर ही बाई सायकल शिकली होती. पहाटे कॉलनीतल्या कुत्र्यांचं भुंकणं सोसून शिकली होती. आणि आता नदी आली तर हिने बॅगांच्या ढिगाशेजारी बसायचं! व्हिएन्ना नसती दिसली तरी तिला चाललं असतं, पण नदी सायकलवरूनच दिसायला हवी होती.

"अहो, धवलशी बोला ना जरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, त्याने विचार करूनच ठरवलं असेल," असं म्हणून शरच्चंद्र चष्मा पुसत राहिले. चष्मा मघापासून स्वच्छच होता.

झोपण्यापूर्वी रागाला काहीतरी काम हवं, म्हणून तिने धवलने ग्रुपवर टाकलेला नकाशा उघडला. चुका काढायच्याच होत्या, त्यामुळे बारकाईने बघितला. तिसऱ्या मुक्कामाशी तिचं बोट थांबलं. सायकलचा रस्ता नदीच्या अलीकडून जात होता, लॉज पलीकडे होतं. खाली धवलने लिहिलं होतं, 'रस्त्यापासून फक्त तीनशे मीटर.'

हे 'फक्त' इरावतीला कुणी शिकवायला नको होतं. तिचं घर पूर्वेला, ऑफिस पश्चिमेला. ऑफिसची गच्ची स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची, आणि तरी आयुष्यभर तिला लेटमार्क पडत आले, कारण मधे रूळ. जिना चढा, पुलावर भाजीवाल्यांमधून वाट काढा, पुन्हा जिना उतरा. पळसाला पानं तीनच. इथे रूळ, तिथे नदी. पूल कुठे आहे म्हणून तिने नकाशा सरकवायला घेतला, तर तो सरकतच राहिला. पूल मिळाला तेव्हा लॉज पार नकाशाबाहेर गेलं होतं.

तिने फोनवर भाषांतर करून लॉजच्या मालकिणीला विचारलं, नदी ओलांडायची कशी? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सायकली पलीकडे नेणारी छोटी होडी आहे, पण ती ऑक्टोबरपर्यंतच. तुम्ही नोव्हेंबरात येताय, तेव्हा बंद असेल.

नोव्हेंबरच का, तर दिवाळीआधी घर सोडायला कुणीच तयार नव्हतं. भाऊबीज आटोपली की निघायचं, हे तर सगळ्यांनी न बोलताच धरून ठेवलं होतं. यंदा दिवाळी उशिरा आहे आणि डॅन्यूबला भाऊबीज नसते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या उत्तराच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती वाचून इरावती उठली, पाणी प्यायली आणि पुन्हा वाचायला बसली. मग तिने रविवारची मीटिंग आपल्याच घरी बोलावली.

आधी तिने सगळ्यांना साबुदाणा वडे खाऊ घातले. मग तिने नकाशा टीव्हीवर लावला, पलीकडचं लॉज दाखवलं आणि नोव्हेंबरात होडी बंद असते हे सांगितलं.

"वाट लागली!" धवल ओरडला. "काकू, मग आता?"

"आता अनंत चतुर्दशी झाली की निघायचं."

"पितृपक्षात?" शरच्चंद्र दचकले. "अगं, पंधरवड्यात कुणी नवं काही सुरू करतं का?"

"आपण काय मुंज लावायला चाललोय? लग्न नाही, बारसं नाही, कुणाकडे आहेर घेऊन जायचं नाही. वर्षात यापेक्षा मोकळा पंधरवडा शोधून दाखवा. सासूबाईंची तिथी पौर्णिमेची, ती करूनच निघू. होड्याही चालू, थंडीही कमी."

"झकास!" धवल म्हणाला. "काकू, तुम्ही तर कमालच केलीत."

"थांब. अजून एक आहे." तिने ती शेवटची ओळ मोठ्याने वाचली. सामान रोज सकाळी व्हॅन उचलते आणि पुढच्या मुक्कामी पोचवते. सोबत कुणी येण्याची गरज नाही. "कळलं? बॅगांना काकू लागत नाही."

धवलने मान खाली घातली आणि तिरक्या नजरेने शरच्चंद्रांकडे पाहिलं.

"काकू, माझं ऐका. मला काकांनीच सांगितलं होतं."

इरावती नवऱ्याकडे वळली. त्यांच्या हातात आत्ताही चष्माच होता.

"येऊरच्या डोंगरउतारावर तू पडलीस ना," ते म्हणाले, "तेव्हा माझे हातपाय गळाले होते. परक्या देशात पुन्हा पडलीस तर मी काय करू?"

"मग मला सांगायचंत. याच्या खांद्यावर कशाला बंदूक ठेवायची?" ती म्हणाली. "पडले मी, खरंय. पण घरी कशी आले? रिक्षाने?"

"सायकलने."

"कुणाच्या मागे बसून?"

"नाही. तूच चालवत आलीस."

"आणि पडले का? तुम्ही सगळे पुढे पळालात, तुम्हाला गाठायला मी उतारावर ब्रेक सोडला. सगळ्यांत हळू कोण, मी. मग मी पुढे. पुढचा हळू असला की मागे कुणी सुटत नाही. आहे मंजूर?"

धवलने हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केला. शरच्चंद्रांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांत शेवटी, पण दोन्ही हात वर केले.

पुढच्या रविवारी ऐरोली पुलाच्या रस्त्यावर सराव होता. इरावती सर्वांच्या पुढे, तिच्या मागे अख्खा ग्रुप. खाडीवरचा वारा समोरून येत होता, श्वास लागत होता, आणि तिला इतका आनंद झाला होता की मोठ्याने गावंसं वाटत होतं. पुलाच्या चढावर शरच्चंद्रांनी मागून घंटी वाजवली. दोनदा, तीनदा वाजवली.

तिने बाजू दिली नाही.