डर्व्हलाचे उलटे हात

मी एक जुनी बॅट आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला तडा गेलेला आहे. तो कसा गेला ते सांगेनच. आधी डर्व्हलाचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मी नुसतं लाकूड.

डर्व्हला आयर्लंडमधल्या किल्केनीकडची. तिकडच्या पोरी लहानपणापासून वाकड्या काठीने कॅमोगी खेळतात, आणि त्या खेळात जोराचा हात वर धरतात. डर्व्हलाने मलाही तसंच धरलं, उजवा हात वर, डावा खाली. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने खेळणारी डावा हात वर धरते, म्हणजे हे अगदी उलटं! क्लबातल्या पोरी पोट धरधरून हसल्या.

आयर्लंडचा संघ निवडणाऱ्या हेझलबाई मात्र हसल्या नाहीत. "हात नीट धर, नाहीतर संघाचं नाव काढू नकोस," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बिचारीने हात बदलले. मला तर कुणा परक्याने धरल्यासारखं व्हायचं. दर सामन्यात भोपळा! निवडीच्या सामन्याआधी ती चहासाठी अंड्याची सँडविचं करता करता रडायलाच लागली. हो, तेव्हा आमच्या पोरींना खेळायचंही असे आणि चहाचंही बघायचं असे.

कप्तान फिनोलाने एक सँडविच उचललं. "अगं ए रडूबाई, भोपळ्यावर तर रोजच बाद होतेस. मग आज आपल्या हातांनी हो की!"

त्या दिवशी उजवा हात पुन्हा वर आला. अहाहा! चेंडू कुंपणापलीकडे गाईंच्या कळपात जाऊन पडला. हेझलबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बघवत नाही गं बाई! पण धावा होताहेत ना, ये संघात."

मग कितीतरी वर्षं आम्ही देशासाठी खेळलो. नोकरीतल्या रजा संपायच्या, गुडघे सोलून निघायचे, पण मला जवसाचं तेल लावायला ती कधी विसरली नाही. एकदा भुरभुर पावसात ओल्या खेळपट्टीवर चेंडू सपकन आला. मला तडा गेला, घसरून तिचा गुडघाही गेला. दोघी एकदमच निवृत्त झालो.

पुढे मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायला उभी! देशासाठी खेळलेली बॅट मी, आणि मेल्या कोंबड्या माझ्या डोक्यावर बसायच्या. फार वाईट वाटायचं हो.

परवा क्लबाला आमची आठवण झाली. मला काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. आज डर्व्हलाने मला पुसलं, तेल लावलं, तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि लंगडत मैदानावर नेलं. तिथे ऑर्ला नावाची पोर डोळे पुसत उभी होती. शिकवणाऱ्या बाई ओरडत होत्या, "किती वेळा सांगू? उलटे हात धरशील तर घरी जा!"

डर्व्हला जागीच थांबली. मग पेटीकडे न जाता तिने मला ऑर्लाच्या हातात दिलं.

"काकू, मोडली तर?"

"मोडू दे गं. कोंबड्यांपेक्षा बरं."

शिकवणाऱ्या बाई काही बोलणार, तोच डर्व्हला म्हणाली, "बाई, एक चेंडू टाकून तर बघा."

मित्रांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी बॅट पडली असेल तर तिला पुसा, तेल लावा, पण तिने खेळा हो! आणि कुणाचे हात वेगळे दिसले तर आधी एक चेंडू टाकून बघा. माझा तडा आता दुखतोय, पुढच्या फटक्याला मी मोडेनही. पण उजवा हात पुन्हा वर आहे, आणि तो बघा, चेंडू येतोय!