पाठमोरी बकरी

मी काढलेलं चित्र एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापून येणार हे कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "दुकानात दिसलं की बोलू." जन्मभर किराणा दुकान चालवलेला माणूस! जे फळीवर दिसत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच. मग मीही हट्टानं घरी काही दाखवलं नाही. आज पुस्तक बाजारात आलं, आणि मी त्यांना ओढतच पुस्तकांच्या गल्लीत आणलं. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते!

पहिल्या दुकानात ते अजून आलंच नव्हतं. दुसऱ्यात होतं! मी किंचाळायचीच बाकी राहिले. पण ते दाटीत उभं होतं, कणा बाहेर करून. जीव ओतून रंगवलेली माझी जिना चढणारी लाल बकरी आत दडपलेली, आणि बाहेर बोटभर पट्टी. पुस्तकं अशीच ठेवतात हे मला काय ठाऊक नव्हतं? स्वतःच्या बकरीवर वेळ आली तेव्हा मेलं डोक्यात शिरलं.

"कुठाय?" बाबांनी विचारलं.

मी पट्टीवर बोट ठेवलं. बाबा "हं" म्हणाले. त्या "हं"नं माझ्या उत्साहावर पाणी पडलं. पुस्तक उपसून दाखवता आलं असतं, पण ओढून दाखवायचं ते काय दिसणं झालं? मी फणकाऱ्यानं शेजारच्या चित्रदालनात शिरले.

आत पांढऱ्या भिंती, एकेका भिंतीवर एकेकच चित्र, ऐसपैस. बाबा हात मागे बांधून प्रत्येकापुढे थांबत होते. मग अचानक मोठ्यानं म्हणाले, "यातलं एक तरी भिंतीकडे तोंड करून टांगलंय का गं?"

सगळे वळून बघायला लागले. "नाही," मी कुजबुजले.

"मग तुझ्याच चित्रानं काय घोडं मारलंय? चल!"

मी नको नको म्हणेपर्यंत ते पुस्तकांच्या दुकानात पोचलेही. त्यांनी पुस्तक उपसलं, बकरी बघितली. बराच वेळ बघितली. मग दुकानाच्या मालकीणबाईंकडे गेले. "बाई, मी बिस्किटांचे पुडेसुद्धा कधी पाठमोरे ठेवले नाहीत. ही तर बकरी आहे!"

"काका, जागा कुठाय? आणि काचेत नावाजलेल्यांचीच पुस्तकं लावतो आम्ही."

"अहो, नावाजायला आधी दिसायला नको?"

बाई खळखळून हसल्या. "बरं, लावून दाखवा तुम्हीच."

बाबांनी बाह्या सरसावल्या. आतली जाडजूड पुस्तकं आडवी घालून त्यांनी काचेत पायऱ्या रचल्या. नावाजलेल्यांची पुस्तकं त्यांवर उभी केली, एकाचंही तोंड झाकलं नाही, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर माझी बकरी उभी केली. बाई बघतच राहिल्या. "राहू दे असंच," म्हणाल्या.

मी धावत बाहेर गेले. काचेतून बकरी थेट रस्त्याकडे बघत होती. मला नाचावंसं वाटत होतं! बाबा हात झटकत शेजारी येऊन उभे राहिले.

"दिसलं की बोलू, म्हणाला होतात," मी म्हटलं. "आता बोला."

बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. रस्त्यानं घाईत चाललेल्या एका बाईंना त्यांनी हाक मारली, "अहो ताई, जरा थांबा! ही बकरी बघितलीत का? आमच्या मुलीनं काढलीये."