बाहेरचा लाल

दिवा लावून ती नवऱ्याला म्हणाली, "आतून बाहेर एकेक रंग सांग. घाई करू नकोस."

दुपार होती, पण कामाच्या खोलीत मिट्ट काळोख होता. खिडकीवर जाड काळा पडदा खिळे ठोकून बसवलेला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. दिवा अंधारातच पारखायचा, हा तिचा शिरस्ता. समोरच्या भिंतीवर तिचा नवा दिवा होता: ताटाएवढी तांब्याची तबकडी, मधोमध उघडा बल्ब, आणि बल्बभोवती सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या गोल ओळी. प्रत्येक ओळीमागे वेगळ्या रंगाची काच.

"निळा," नवरा म्हणाला. "मग हिरवा. मग पिवळा." आणि तो थांबला.

"पुढे?"

"पुढे भिंत."

तिला वाटलं, थट्टा करतोय. लाल राहिला, असं तिने सुचवलं. त्याने पुन्हा नीट पाहिलं आणि मान हलवली. नवरा शिंपी होता. कापडाच्या रंगाचा दोरा शोधण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. गिऱ्हाइकांना एक वाटणारे चार काळे त्याला वेगळे दिसत. त्याला लाल दिसत नव्हता.

तिने तबकडी उतरवली. नुसता बल्ब उरला. "बरं, मग हे कडं बघ, बल्बभोवतीचं. याच्यावरूनच तर केलाय दिवा."

तो पुढे झाला, मागे झाला, डोळे बारीक करून पाहू लागला. "अगं, बल्बभोवती बल्बच आहे," तो म्हणाला. दिवेवालीला आता बल्बच्या हातातही बांगड्या दिसायला लागल्या, असं काहीतरी पुटपुटत, हसत तो दुकानाकडे गेला.

ती स्टुलावर तशीच बसून राहिली. कडं तिला अजून दिसत होतं. आत निळसर, बाहेर लाल, मधे हिरव्यापिवळ्याची रेघ. इतकं स्पष्ट, की हात लांब करून काढून घ्यावं.

हे कडं तिला पहिल्यांदा दिसलं ते गेल्या हिवाळ्यात. तोवर ती वडिलांच्याच घडणीचे कंदील करत आली होती. लोक हातात घेऊन कौतुकाने म्हणत, अगदी बाबांच्या हातचा वाटतो. ते कौतुक तिला बारीक काट्यासारखं टोचायचं. मग एका संध्याकाळी, दिवसभर अंधारात बसून मान अवघडलेली असताना, बल्बभोवती हे कडं उमटलं. तिला वाटलं, ते तिथे नेहमीच असणार, सगळ्यांनाच दिसत असणार, फक्त ते तांब्यात उतरवायचं कुणाला सुचलं नाही. त्या संध्याकाळपासून तिने वडिलांचे साचे माळ्यावर टाकले. कड्यांचे दिवे पाहून चित्रशाळेने त्यांच्यासाठी अख्खी भिंत राखून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामाला लोक दुसऱ्या कुणाच्या हातचं म्हणत नव्हते.

तिने उजवा डोळा झाकला. कडं होतं. मग डावा झाकला. कडं गेलं, पिवळट काचेचा गोळा तेवढा उरला.

चष्मा पुसून पाहिला, चष्मा काढून पाहिलं, डोळ्यांवर पाणी मारून पाहिलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. कडं खोलीत नव्हतं. ते तिच्या डाव्या डोळ्यात होतं.

मग एकेक गोष्ट जागेवर येऊ लागली, आणि प्रत्येकीबरोबर भीती एक पायरी वर चढली. संध्याकाळी डाव्या भुवईवर उठणारी कळ. वाफ धरलेल्या काचेतून पाहिल्यासारखं धुरकट दिसणं. झोप झाली की सगळं साफ, म्हणून तिने त्याला थकवा म्हटलं होतं. कडं इतकं आवडलं होतं, की बाकीच्या गोष्टींपुरतं तिने स्वतःहून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

त्या रात्री जेवताना घास तोंडात फिरत राहिला. काय झालं, असं नवऱ्याने दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

तिचे वडील तिच्याकडेच राहत. हयातभर कंदील केलेला माणूस. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. कंदिलाच्या सांध्यांना डाग देतानाच्या धुराने डोळे खाल्ले, असं घरात सगळे म्हणत आणि कुणी त्यापुढे विचार केला नव्हता. आता ते तिच्या टेबलाशेजारी बसून तांब्याच्या कडांवरून अंगठा फिरवत आणि जिथे धार लागेल तिथे कानस मारत. दिवा किती तापतो हे पाहायला गाल जवळ नेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पडदा बाजूला सारून काम चाललं असताना तिला घरातली एक जुनी थट्टा आठवली. ती लहान असताना संध्याकाळी बाबा हातोडी ठेवून म्हणायचे, दिव्याने पिसारा काढला, आता काम बंद. त्यावर आई म्हणायची, मग टाका त्याला चार दाणे. सगळे हसायचे. ती थट्टा आठवली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

"बाबा, तुमच्या दिव्याचा तो पिसारा कसा दिसायचा हो?"

बाबा हसले. कानस चालू होती. "मोराचाच की. आत निळा, बाहेर लाल. आणि लबाड. जवळ गेलं की आक्रसायचा, लांब गेलं की फुलायचा."

तिने त्यांना रंगांचा क्रम कधीच सांगितला नव्हता. आणि जवळ गेल्यावर कडं लहान होतं, म्हणून नवे दिवे ठरावीक अंतरावरच्या स्टुलावरूनच पारखायचे असतात, हे तर तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

कानस थांबली. ती गप्प झाली की बाबांना ते लगेच कळायचं.

"कुठल्या डोळ्याला?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"माझाही आधी डावाच."

बाबांनी हातातली तांब्याची पट्टी खाली ठेवली. मग ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ती म्हणाली, जाते, पण चित्रशाळेच्या भिंतीवरचा हा मधला दिवा तेवढा पुरा होऊ दे. त्याच्यातच लाल बसत नाहीये. उपचार झाले आणि कडं गेलं, तर मी कशाकडे बघून करू? माझं असं दुसरं काय आहे?

"मीही एक कंदील पुरा करून जाणार होतो," बाबा म्हणाले.

तिने उद्या सकाळी जायचं कबूल केलं. तसं तिच्या मनात खरंच होतं. पण दुपारी बाबा आडवे झाल्यावर ती खोलीत गेली, पडदा ओढला, चिंध्या कोंबल्या. टेबलावर तांबड्या काचेच्या निरनिराळ्या पट्ट्या मांडल्या. एकदाच, शेवटचं, बाहेरचा लाल काचेशी जुळवून घ्यायचा. अंधारात जितकं जास्त बसावं तितकं कडं ठळक होतं, हे तिला माहीत होतं. म्हणून ती बसून राहिली.

कडं आलं. जाड झालं. तिने पट्टी उचलली आणि भुवईवर कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली. कडं फुगलं, फुटलं, सगळीकडे दुधाळ धुकं पसरलं. तिला मळमळून आलं. उठली तर स्टूल पडलं, काचा खाली गेल्या. दार कुठल्या बाजूला, तेच कळेना. फटीतून उजेड येऊ नये म्हणून चिंध्या तिनेच तर कोंबल्या होत्या. भिंत चाचपत ती ओरडली. "बाबा!"

पावलं आली, अजिबात न अडखळता. त्या घरात काळोखाची सवय फक्त बाबांना होती. दार ढकललं गेलं. काचा करकरल्या. मग कापड फाटल्याचा लांबलचक आवाज झाला, खिळे टणटण पडले आणि खोलीत ऊन घुसलं.

"उजेडाकडे तोंड कर, पोरी," बाबा म्हणत होते. पडद्याचं फाटकं टोक अजून त्यांच्या मुठीत होतं. "उजेडाकडे."

नवरा दुकान उघडं टाकून धावत आला आणि तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, गोळी दिली, पडून राहायला सांगितलं. कळ हळूहळू ओसरली. भीती ओसरली नाही. डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका अरुंद वाटेने बाहेर जात असतं. तिची वाट जन्मतःच फार चिंचोळी. वडिलांचीही तशीच असणार. अंधारात बाहुली मोठी होते आणि वाट बुजते. पाणी तुंबतं, दाब वाढतो, आणि डोळ्याच्या सुजलेल्या काचेतून दिव्याभोवती रंग दिसू लागतात. अंधारात बराच वेळ बसता का, असं त्यांनी विचारलं.

"माझं कामच ते आहे," ती म्हणाली.

डाव्या डोळ्याच्या नजरेची थोडी कड कायमची गेली होती. नाकाच्या बाजूला, वर, घासाएवढा अंधार. बाकीचं वाचवता येणार होतं. लेझरच्या किरणाने बुबुळाच्या कडेला एक भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळेल. दोन्ही डोळ्यांना. भोक केवढं, हे तिने विचारलं. सुईच्या टोकाएवढं, उत्तर आलं.

हजारो भोकं पाडलेल्या बाईला त्या एका भोकाने घाम फोडला. तांब्यात एक भोक ओळ सोडून पडलं, तर तबकडी भंगारात टाकायची. इथे टाकायला दुसरी तबकडी नव्हती. हनुवटी आधारावर, कपाळाला पट्टा, आणि समोरून आवाज: "हलू नका." मग टक्. पुन्हा टक्. अगदी तिच्याच हातोडीसारखा. तिने नवऱ्याचा हात इतका आवळून धरला, की नंतर तो म्हणाला, आता महिनाभर काज करायला दुसरा माणूस ठेवावा लागणार.

अंधार आता चालेल, असं डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासणीत सांगितलं. तरी तिचा पाय त्या खोलीत पडेना. नवऱ्याने फाटलेला पडदा शिवून पुन्हा लावला होता. शिवण कुठे आहे हे बोटांनाही लागत नव्हतं. शेवटी एका दुपारी ती दोघांना घेऊनच आत गेली. बाबा त्यांच्या खुर्चीत, नवरा दाराशी. चिंध्या कोंबू नकोस, असं तिने त्याला बजावलं.

तिने नुसता बल्ब लावला आणि वाट पाहत बसली. कडं दिसावं की दिसू नये, दोन्हींची धास्ती सारखीच होती.

बल्बभोवती बल्बच होता.

मग तिने तबकडी चढवली आणि स्टुलावर येऊन बसली. निळा. हिरवा. पिवळा. पुढे भिंत. सगळ्यात बाहेरच्या ओळीमागे तिने लावलेली काच जेमतेम तांबूस होती, पिवळ्यातच मिसळून जाणारी. स्टुलावरून पाहताना तिच्या डोळ्याचा लाल बरोबर त्या ओळीवर येऊन पडायचा, आणि ती समजायची की काच काम करतेय. तिचा एकही दिवा पुरा नव्हता.

तिने डोळे मिटून तो लाल आठवून पाहिला. रंग आला, पण त्याची जाडी येईना. जाडी आणू गेली तर रंग फिका पडे. नवी भीती ही होती: आज आठवला तेवढा उद्या आठवणार नाही, आणि जगात तो आणखी एकाच माणसाने पाहिला आहे.

"बाबा, बाहेरचा लाल केवढा जाड असायचा?"

बाबांनी जरा विचार केला. मग उजवा हात दिव्याच्या दिशेने सरळ लांब केला, अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, किंचित उघडली, पुन्हा थोडी मिटली.

"एवढा," ते म्हणाले. "हाताच्या अंतरावर."

तिने चटकन टेबलावरून मोजपट्टी उचलली आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"हलू नका," ती म्हणाली, आणि पट्टी त्या फटीत धरली.