तिसऱ्या फेरीतले हात

अमेर्लेचे हात तिसऱ्या फेरीत मरायचे. पहिल्या दोन फेऱ्या पोरगी समोरचीला कोपऱ्यातून हलू द्यायची नाही, आणि तिसरीची घंटा वाजली की हात खाली. मग समोरची यायची आणि व्याजासकट परत करून जायची. लागोपाठ दोन लढती अशाच गेल्या होत्या. शनिवारी राष्ट्रीय संघाच्या निवडीची लढत होती आणि तिची आई, कोर्कोई, मला बजावून गेली होती, "वस्ताद, आता हरली की बास. सोमवारपासून ग्लोव्हज बंद, दिवसभर माझ्याबरोबर मासेमारीच्या जाळ्यावर. पोटच्या पोरीला मार खाताना किती वेळा बघू मी?"

आता मी बुकोममध्ये, या समुद्रकाठच्या वस्तीत, तीस वर्षं बॉक्सर तयार करतोय. मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. मी अमेर्लेचे जोर दुप्पट केले, पोत्यावर ठोसे मारायला अर्धा तास वाढवला. तर हात आणखीच लवकर मरायला लागले. तेव्हा मी ठरवूनच टाकलं की दोष जाळ्याचा. रोज सकाळी तीन तास पोरगी आईबरोबर समुद्रातलं जाळं ओढते, मग संध्याकाळी ताकद उरणार कुठून?

मंगळवारी आमच्याकडे रिवाजाने समुद्रात कुणी उतरत नाही, म्हणून बुधवारी उजाडताच किनाऱ्यावर गेलो.

"कोर्कोई, शनिवारपर्यंत सोड पोरीला. इथे दमते आणि तिथे हरते."

"दमते का ते बघा तरी आधी," ती म्हणाली.

तासभर बघितलं. वीसेक बायका-पुरुष जाळ्याच्या दोरावर होते आणि त्यांच्यात अमेर्ले गात होती, शेजारणीची टिंगल करत होती, आणि ओढत होती. दमायचं नाव नाही. मला रागच आला. मीही शर्ट काढून दोराला हात घातला. दहा मिनिटांत कोपरापासून खाली हात आहेत की गेले तेच कळेना.

"वस्ताद, सावलीला बसा, मक्याची केंकी खा जरा," मागून एक म्हातारी म्हणाली आणि सगळे खिदळले.

"दोर ओला आहे, सटकतोय," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं," कोर्कोई म्हणाली. "तो दोर काय पळून जातोय, की एवढा आवळून धरलाय? ओढायचं तेव्हा धरायचं. गाणं थांबलं की बोटं सैल सोडायची. सोडलं तरच परत जोर भरतो. इथे सहा वर्षांच्या पोरीला कळतं हे."

तोंडात मारल्यासारखं झालं. मूठ आवळ, मूठ आवळ, असं घंटेपासून घंटेपर्यंत ओरडणारा मीच. जवानीत सैल मुठीने ठोसा मारून अंगठा मोडून घेतला होता, आणि तेव्हापासून माझ्या एकाही पोराची मूठ मी सैल पडू दिली नव्हती. तिसऱ्या फेरीत हात गळालेले माझे किती जण झाले असतील? त्या सगळ्यांना मी आळशी म्हणालो होतो. लाज वाटली मला, खरंच वाटली.

संध्याकाळी अमेर्लेला म्हणालो, "मूठ आवळायची ती फक्त ठोसा लागताना. एरवी सैल."

"वस्ताद, बरं नाही का तुम्हाला?"

"गप्प बस आणि मार."

तीन दिवस तेवढंच केलं. जोर नाहीत, जास्तीचा अर्धा तास नाही.

शनिवारी समोरची चांगली धिप्पाड होती. दोन फेऱ्या बरोबरीत गेल्या. तिसरीत अमेर्लेने दोन सणसणीत ठोसे खाल्ले, घाबरली, आणि तिचे खांदे कानाला चिकटले. पुन्हा मुठी आवळल्या. माझ्याही तोंडात जुनंच, 'मूठ आवळ', आलं होतं. ते गिळलं आणि ओरडलो, "सोड, अमेर्ले, सोड."

तिने श्वास सोडला. खांदे उतरले. आणि शेवटचा मिनिटभर पोरगी अशी तुटून पडली, जणू लढत नुकती सुरू झाली आहे. पंचांनी तिचाच हात वर केला, आणि तोही हात अजून ताजा होता.

कोर्कोई कोपऱ्यात आली. लेकीच्या हातांतले ग्लोव्हज सोडवून तिने काखेत मारले. जिंकूनही बंद करते की काय, म्हणून मी तिची वाट अडवली.

"हे कुठे नेतेस?"

"उन्हात घालायला. केवढी घाण मारतायत," ती म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी पाठवते तिच्याबरोबर. आणि सकाळी तुमची बाकीची पोरं धाडा माझ्याकडे, दोरावर."