रॉकेलचा बोळा

"हलू नका," बायको म्हणाली.

तो खिडकीपाशी स्टुलावर उघडा बसला होता. पाठीवरचा कॅन्सरचा डाग कापून काढल्याला अर्धं वर्ष होत आलं होतं, व्रणही भरला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उन्हात अंग उघडं टाकायचं नाही, दर महिन्याला घरच्यांकडून पाठ तपासून घ्यायची, नवीन काही दिसलं की लगेच यायचं. एरवी पाठ बघता बघता बायको शेजारणीची उणीदुणी काढायची. आज तिचं बोट एकाच जागी थांबलं होतं.

"काय आहे?"

"ठिपका आहे. काळा. व्रणाच्या खाली, जरा बाजूला."

त्याचा सगळा जन्म लोकांच्या गच्च्यांवर डांबर अंथरण्यात गेला होता. गळती थांबवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. गरम डांबराशी सदरा घालून काम करणाऱ्यांना तो नवरदेव म्हणायचा. आता तोच संध्याकाळी कोपऱ्यावर जातानाही लांब बाह्यांचा सदरा घालून टोपी शोधायचा. मुलगी त्यावरून हसायची. ती हसते म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याला वाटायचं.

"डांबर असेल," तो म्हणाला.

"डांबर कुठून येणार? तुम्ही आता वर चढता कुठे?"

खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परवा तो मेहुण्याकडे गप्पा मारायला म्हणून गेला होता. तिथे गच्चीचं काम चाललं होतं आणि कामगार नुसती वेठ मारत होते. त्याचे हात शिवशिवले. तो वर गेला आणि सवयीने सदरा काढून कठड्यावर टाकला, तोही भर दुपारी. खाली मान घालून त्याने एवढं सांगितलं आणि आता तिच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून वाट बघत राहिला.

"खरंच सदरा काढला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की? डांबर उडालं असेल अंगावर?"

"उडतंच."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि लगबगीने आत गेली. इतकी वर्षं तिने त्याला इतक्या मनापासून कधी शाबासकी दिली नव्हती.

ती रॉकेलची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आली. डांबर रॉकेलने निघतं, हे लग्नानंतर त्यानेच तिला शिकवलं होतं. पाठीवर गार लागलं. ती हलक्या हाताने पुसू लागली, मग जरा जोराने. त्याला भयंकर भीती वाटत होती.

"निघतंय का?"

"निघेल."

तिने दुसरा बोळा घेतला. खोलीभर वास पसरला. पाठ आता चुरचुरायला लागली होती, पण तो पुरे म्हणाला नाही. ती थांबली असती, तर तिला काहीतरी सांगावं लागलं असतं. तीही पुसत राहिली.