दाराजवळची खुर्ची

टाचा उंचावून ती खिडकीतून आत डोकावत होती. बालवाडीच्या खिडकीच्या खालच्या काचा निळ्या रंगवलेल्या, त्यामुळे फुटपाथवरच्या दगडावर चढल्याशिवाय आतलं काही दिसायचं नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांना दिवसभर ‘आता कसं दिसतंय?’ असं विचारणारी ही बाई रोज सकाळी चोरासारखी भिंतीला चिकटून उभी! येणारेजाणारे बघायचे. बघेनात का.

आत तिची लेक ठकी लाकडी ठोकळ्यांच्या ढिगावर चढली आणि दाणकन तोंडावर आपटली. रडणं बंद काचेतूनही ऐकू आलं. वर्गावरच्या बाई दाराला खुर्ची लावून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली, हात पुढे केला, “ये इकडे” असं काहीसं म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. ओठ फुटलेली पोर रडत रडत त्यांच्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे त्यांनी रुमालाने तिचं तोंड पुसलं.

ठकी तीन वर्षांची झाली तरी अजून चार-दोन शब्दांच्या पुढे गेली नव्हती. उद्या कुणी हात उगारला, अंधारात कोंडलं, तर ही घरी येऊन सांगणार काय, कपाळ? रात्र रात्र आईला याच विचाराने झोप लागत नसे.

संध्याकाळी ठकीने घरात शाळा मांडली. बाहुल्या भिंतीशी बसवल्या, स्टूल ओढत दारापाशी नेलं आणि दाराला पाठ लावून बसली. आजीने जेवायला हाक मारली, ही ढिम्म. तेवढ्यात तिचा बाप कामावरून आला आणि दार ढकलू लागला, तर ठकीने दोन्ही पाय जमिनीला रोवून दार रेटून धरलं.

“अरे वा, घरमालकालाच मज्जाव?” तो बाहेरून हसत म्हणाला.

आजीही हसली. आईला काही हसू येईना.

“बघितलंत? पोरगी दगडासारखी बसायला शिकलीय. त्या बाई मुलांना विचारतच नाहीत.”

“साप साप म्हणून भुई धोपटू नकोस गं,” सासूबाई म्हणाल्या. “वय झालं असेल बिचारीचं. गुडघे धरत असतील.”

“गुडघे धरतात तर घरी बसावं त्यांनी!”

दुसऱ्या दिवशी ती तडक आत गेली. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाईंचं टेबल त्याच खोलीत, कपाटाच्या आडोशाला होतं. खिळे निखळलेल्या दारा-खिडक्यांची लहानशी खोली, पण फी घेणाऱ्याला तक्रार ऐकावीच लागते. तिने सगळं सांगितलं. मुलं पडतात, रडतात, आणि या बाई खुर्ची सोडत नाहीत.

“मी इथून बघते की सगळं,” बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. मग मोठ्या बाईंकडे वळून हळूच, “तो सुतार कधी येणार आहे?”

“सुताराचं मागाहून,” मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. “पालकांसमोर कशाला? उद्यापासून तुम्ही मुलांच्यात, खाली सतरंजीवर बसायचं. ती खुर्ची मी उचलून ठेवते.”

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आईकडे. डोळ्यांत भीती अगदी उघड दिसत होती. नोकरीला घाबरली, आईला वाटलं, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला बरंच वाटलं.

सकाळी ठकीला आत सोडून तिने बाहेरून दार ओढून घेतलं आणि दगडावर चढली. काय कमाल! बाई सतरंजीच्या मधोमध बसून टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या आणि पोरं भोवती उड्या मारत होती. बाईंची नजर तेवढी सारखी दाराकडे जात होती. जित्याची खोड, आई मनात म्हणाली. एक धिटुकली त्यांच्या गळ्यात पडली, एकाने पाठीवर झेप घेतली, आणि बाई क्षणभर त्या गोंधळात दिसेनाशा झाल्या. आज कितीतरी दिवसांनी आईचा जीव भांड्यात पडला. ती कौतुकाने बघत राहिली.

मग तिने ठकीला शोधलं. सतरंजीवर नव्हती. ठोकळ्यांपाशीही नव्हती.

पाठीमागे करकचून ब्रेक लागले.

ती वळली. फुटपाथच्या कडेला, एक पाय खाली रस्त्यावर टाकून, ठकी उभी होती. समोर हातभर अंतरावर टेम्पो थांबलेला. पोर रोज आई जाते त्या बाजूला, दुकानाकडे बघत होती. आईच्या पाठीमागूनच निघून गेली होती ती, आणि खिडकीला नाक लावलेल्या आईला पत्ताही नव्हता.

“कुणाची आहे हो ही पोर? लक्ष कुठंय तुमचं?” टेम्पोवाला ओरडला.

आई दगडावरून उडी टाकून धावली. पोरीला तिने इतकं घट्ट आवळलं की ठकी कळवळली. दारात बाई अनवाणी उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

“कडी धरत नाही,” त्या म्हणाल्या. “कुणी आतून ओढलं की उघडतं.”

आई आत आली. दार लावलं, कडी सरकवली, दाबली. ठकीने हात लावताच दार अलगद उघडलं. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग ती कपाटाजवळ गेली, वर ठेवलेली खुर्ची उतरवली, दाराला लावली आणि ठकीला मांडीवर घेऊन बसली. दोन्ही पाय तिने जमिनीला रोवले.

“अहो, तुम्ही कशाला? तुमचं दुकान...” मोठ्या बाई पुढे आल्या.

“तुम्ही सुताराला फोन करा. आत्ता.”

बाई सतरंजीवर जाऊन बसल्या. कोपऱ्यात ठोकळ्यांवरून एक मुलगी घसरली, गुडघा खरचटला, भोकाड पसरलं. बाई तिकडे निघाल्या होत्याच, पण पोरगी रडत दाराशी बसलेल्या ठकीच्या आईकडे बघत होती.

“ये बाळा, इकडे ये,” आईने हात पुढे केला.

उठली मात्र नाही.