मिनाताचे दुरुस्त केलेले पत्र

मी एक जुना फळा आहे. साफाने गावाजवळ, मारका लोकांच्या एका वस्तीत सियाका सुताराने मला घडवले. रेडिओचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड त्याने पाल्याच्या रसात कालवली आणि माझ्या अंगाला फासली. मित्रांनो, तेव्हा मी काय झळकायचो! बाजरीची कापणी संपली की बायका अंगणात माझ्यासमोर चटयांवर बसून आपली मारका भाषा लिहायला शिकत.

लासिना द्राबो शिकवायचे. सगळे त्यांना करामोको, म्हणजे गुरुजी म्हणत. माणूस तळमळीचा, पण हट्टी. साफानेची बोली तेवढी शुद्ध, असे ते मानायचे.

मिनाता सेरे ही विधवा रंगारीण झाबा गावाकडून लग्न होऊन आलेली. निळीने तिचे हात कोपरापर्यंत निळे झालेले. बोलताना ती शब्दाचे शेवट लांबवायची. बायका हसत.

"मिनाता, तोंडात गरम लापशी आहे का गं?"

"तुमच्या तोंडात काहीच नाही, म्हणून शब्द अर्धेच बाहेर पडतात!" ती फटकन म्हणे.

तिचा एकुलता मुलगा याकुबा दूरच्या अबिदजान शहरात होता. तिकडेच तो लिहावाचायला शिकला होता. शिकवणीच्या तिसऱ्या वर्षी मिनाताच्या छातीत दुखू लागले. तिने त्याला लिहायचे ठरवले आणि मजकूर आधी माझ्यावर उतरवला: आजारी आहे, लवकर ये. पाचच ओळी. पण सगळ्या तिच्या स्वतःच्या बोलीत.

गुरुजींनी जवळजवळ प्रत्येक शब्द पुसून पुन्हा लिहिला.

"करामोको, माझा लेक मला ओळखेल ना यातून?"

"अगं, भाषा तीच आहे. नीट लिहिलेलं कुणालाही कळतं."

तिने मान खाली घालून ते कागदावर उतरवले. पत्र ट्रकवाल्याबरोबर गेले. याकुबा आला नाही. मिनाता रोज शिकवणीला येई, माझ्याकडे बघत बसे, पण पुन्हा काही लिहिले नाही. पावसाआधी ती वारली.

याकुबा आला तो त्यानंतर चाळीस दिवसांनी. ते पत्र खिशातच होते.

"मला वाटलं, मामांनी लिहवून घेतलं," तो म्हणाला. "मागेही त्यांनी 'आई आजारी' म्हणून खोटा निरोप धाडला होता, माझं लग्न लावायला. गुरुजी, यात एक शब्द आईचा नाही हो!"

 गुरुजींनी खडू पुढे केला. "ती कसं म्हणायची, ते लिही."

याकुबाने चार शब्द लिहिले आणि थांबला. इतकी वर्षे परक्या बोलीत गेली होती. पुढचे त्याला आठवेना. तो तिथेच मातीत बसून रडला.

ते चार शब्द गुरुजींनी पुसू दिले नाहीत. पुढच्या पावसाने धुतले. त्यानंतर कोणता शब्द शुद्ध म्हणावा, याशी येऊन गुरुजी शिकवताना अडखळू लागले. बायका कमी झाल्या, शिकवणी बंद पडली. आज मी शेळ्यांच्या गोठ्याचे दार आहे. खालची फळी वाळवीने खाल्ली आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी केली नाहीत तरी चालेल. पण कुणी आपल्या बोलीत काही सांगू लागले, तर हसू नका, त्याचे शब्द बदलू नका. तो म्हणतो तसेच लिहून घ्या. मला तर खडूला अडवताही आले नाही.